खडूच्या रेघेतली मशीन

प्रतिष्ठेने जगणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि कोणतीही कंपनी, कितीही उंच मनोरा उभारून, तो हिरावून घेऊ शकत नाही. खडकहिप्परग्यात हा हक्क सलीम टेलरच्या शिलाई मशीनवर ठेवला होता, आणि ती मशीन जागची हलवायला वकिलाची मनाई होती.

झालं असं की गावाच्या नैर्ऋत्येला, माळावर, एका कंपनीने सात पवनचक्क्या उभ्या केल्या. ग्रामसभा झालीच नाही, तिचा ठराव मात्र झाला. मग गावाने कृती समिती काढली, शेषेराव अध्यक्ष झाले आणि त्रेसष्ट जणांच्या सह्यांनी निलंग्याच्या कोर्टात दावा दाखल झाला. अर्जाच्या कच्च्या मसुद्यात अकरा तक्रारी होत्या. म्हशी आटल्या, विहिरीचं पाणी थरथरतं, पाती ढगांना हाकलून देतात, वगैरे.

वकील व्यंकटराव यांनी त्या एकेक करून खोडल्या. पाती आणणाऱ्या ट्रेलरनी रस्ता फोडला म्हणावं, तर आधी तिथे रस्ता होता हे सिद्ध करावं लागलं असतं. आवाज मोजला, तो पिठाच्या गिरणीपेक्षा कमी भरला. ढगांचं शपथपत्र कोण देणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा दोन हात वर झाले होते, पण ते त्यांनी पाहिले नाहीत. अशा रीतीने दहा गेल्या आणि सावली उरली.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला की संध्याकाळी पाचच्या सुमाराला तीन नंबरच्या चक्कीची सावली सलीमच्या खिडकीतून आत येते. उजेड, अंधार, उजेड, अंधार, असं अर्धा तास चालतं; दारामागचा रिकामा कोपरा तेवढा सुटतो. सुईत दोरा ओवला जात नाही. सावली गेली तरी तासभर डोळ्यांपुढे पाती फिरत राहतात. पहिल्याच वर्षी मशीनची सुई सलीमच्या नखातून आरपार गेली. दवाखान्याचा कागद पाहून व्यंकटराव त्या खटल्यात पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

"हा एकटा माणूस गावाला वाचवील," ते म्हणाले. "फक्त मशीन हलवायची न्हाई. हलवली की नुकसान संपलं. नुकसान संपलं की दावा संपला."

शेषेरावांनी त्याच दिवशी मशीनच्या चारी पायांभोवती खडूने रेघ मारली. खडू सलीमचाच होता.

नोटिसा बजावून होईपर्यंत डिसेंबर संपून सावली निघून गेली. मग वर्ष गेलं. अखेर कोर्टाने जागेची पाहणी करायला कमिशनर नेमला आणि तारीख पडली सतरा डिसेंबर. सावली त्या वर्षीही दहा तारखेला हजर झाली. ऐन लग्नसराई, सलीमच्या दुकानात ब्लाउजांचा ढीग. पाचला मशीन सोडून चहाला जाऊ का, असं त्याने विचारून पाहिलं. वकिलांचा निरोप आला की काम चालू असतानाच त्रास होतो हे साक्षीदारांनी पाहिलेलं बरं. तेव्हापासून समितीचे चार-सहा जण रोज पाचला बाकड्यावर येऊन बसू लागले. सलीम दोन टाके घाली, उठे, दारात जाऊन चक्कीकडे बघे, परत बसे, पायडलवर पाय ठेवून नुसताच थांबे. चौदा तारखेला मशीन रेघेबाहेर वीतभर सरकलेली सापडली. शेषेरावांनी दोन्ही हातांनी ती परत रेघेत ढकलली.

बावीस तारखेला शेषेरावांच्याच मुलीचं, उज्वलाचं, लग्न होतं. सोळाला ती आपला ब्लाउज घेऊन दुकानात आली आणि बाकड्यावर बसलेल्या वडिलांपुढे तिने तो दोन्ही बाह्यांनी धरून उभा केला.

"चाचा, ही बाही कोपरापर्यंत हाय, अन् ही त्याच्यापुढं चार बोटं."

"तुझ्या आप्पांना इच्यार," सलीम म्हणाला. "तुझं माप मला ठाऊक हाय. मी कोर्टाच्या मापानं शिवून राहिलो."

आप्पा म्हणाले, एक दिवस कळ काढ. कोणाला म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही.

सतराला सकाळपासून आभाळ भरून आलं. डिसेंबरात असं कधी होत नाही, असं सगळे म्हणत होते, जसं काही ते कमिशनरला सांगितल्यावर त्यांनी लिहून घेतलं असतं. कमिशनर म्हणजे निलंग्याच्याच एक वकीलबाई. साडेचारला टेप आणि वही घेऊन आल्या. पाच वाजले. तीन नंबरची चक्की झकास फिरत होती. खिडकीतून एकसारखा, मऊ, राखाडी उजेड आत येत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सलीमने त्या वेळी सुईत एका झटक्यात दोरा ओवला. त्रेसष्ट अर्जदारांपैकी पन्नासेक दारात उभे होते.

"ढग तर पळाले न्हाईत की," मागून कोणीतरी म्हणालं. शेषेरावांनी वळून पाहिलं. सगळे चक्कीकडे बघत होते.

साडेपाचला बाईंनी विचारलं, सावली रोज येते का. शेषेरावांनी रोज म्हणून सांगितलं. तेव्हा आतल्या खोलीच्या पडद्याआडून सलीमची बायको बिलकीस, हातातलं काजाचं काम न टाकताच, बाहेर आली.

"रोज न्हाई मॅडम. बावीस दिस. दहा डिसेंबर ते एकतीस. बाकीचे तीनशे त्रेचाळीस दिस हे त्या खडूत बसून राहिलेत." तिने दात लावून दोरा तोडला. "चक्की बंद करा नाय तर नका करू. ह्यांना उठायची इजाजत द्या."

शेषेराव म्हणाले, भाभी, गावाचा सवाल आहे. बिलकीस म्हणाली, गाव बसू दे मग खिडकीत, बारी-बारीनं. बाकड्यावरचे सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. सलीमने बाईंना हळूच विचारलं, "हलवू का?"

बाई म्हणाल्या की तसं सांगायचा अधिकार त्यांना कोर्टाने दिलेला नाही. त्यांना फक्त पाहून, मोजून लिहायला सांगितलंय. पाहायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी टेप काढली आणि दुकान मोजलं.

उज्वला लग्नात लातूरहून आणलेल्या तयार ब्लाउजात बसली. व्यंकटरावांनी पुन्हा पाहणी व्हावी म्हणून अर्ज दिला आणि तोवर मशीन हलवू नये असं बजावलं. अर्जावर तारीख पडली एकोणीस जून. कमिशनरचा अहवाल दीड पानाचा आहे. त्यात सावली दिसून आली नाही असं म्हटलंय. मशीनपासून दारामागच्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर सहा फूट दोन इंच आहे.