एकावर सतरा शून्यं

कोर्टातला दुभाषा नळासारखा असावा, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. मागून येईल ते पुढे सोडायचं, स्वतःची चव घालायची नाही. मला हे पटलेलंच होतं. पण नळालाही कधीतरी वाटतंच, की पाणी गोड आहे ते आपल्यामुळे.

आमच्या कोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि न्यायाधीशांना आपली भाषा येत नाही. त्या दिवशी आलेल्या बाईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी. बाई गणवेश शिवायची, नवरा जुने फ्रिज दुरुस्त करून विकायचा. दोघं वेगळे राहत होते आणि सात वर्षांची मुलगी कायमची कुणाकडे राहणार, हे ठरायचं होतं. बाईने पुरावा म्हणून नवऱ्याचा व्हॉइस मेसेज आणला होता. नवरा रागावला की इंग्रजीत शिरायचा. त्यामुळे चार महिने ती हा पुरावा न कळताच जपत होती. मुलीला विचारलं तर ती म्हणाली होती, "बाबा ओरडतायत, बाकी काही नाही."

मेसेज वाजवला. नवरा म्हणत होता, पोरीसाठी कोर्टात गझिलियन ओतीन, बघू किती टिकतेस.

आता गझिलियन ही संख्याच नाही. झिलियन, बझिलियन, गझिलियन ही भावंडं दिसायला मिलियन-बिलियनच्या घराण्यातली, पण त्या घरात त्यांना कुणी ओळखत नाही. खिशात दमडी नसलेला माणूसही ती छातीठोकपणे वापरतो, किंबहुना तोच जास्त वापरतो. मला सरळ 'वाट्टेल तेवढे पैसे' म्हणता आलं असतं. पण समोर न्यायाधीश, दोन वकील, टंकलेखक. एवढे श्रोते मला लग्नातसुद्धा मिळाले नव्हते. मी म्हणालो, "परार्धभर पैसे ओतीन."

"परार्ध म्हणजे किती?" बाईने विचारलं.

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. न्यायाधीश म्हणाले, समजावून सांगा.

"एकावर सतरा शून्यं," मी म्हणालो. हिशेब चोख होता. आपल्याकडे अब्ज, खर्व, निखर्व, प्रत्येकाची शून्यं ठरलेली.

बाई बोटांवर मोजू लागली. दहा बोटं संपली. तिने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली, सातव्या बोटाशी थांबली आणि ते बोट तसंच धरून बसली.

मग वीस मिनिटांची सुट्टी झाली. सुट्टीत दुभाष्याने कुणाशी बोलायचं नसतं. मी भिंतीपाशी उभा राहून पाहत होतो. नवऱ्याच्या वकिलाने तडजोडीचा कागद आणला: मुलगी बापाकडे, आईला रविवार. बाईच्या फुकट मिळालेल्या वकिलाला आपल्या भाषेतले तीनच शब्द येत होते. त्याने ते तिन्ही वापरले. "सही. बरं. संपलं."

तिने सही केली.

आत न्यायाधीशांनी विचारलं, सही राजीखुशीने केली का?

"हो म्हणा," ती मला म्हणाली. "एवढ्या पैशांपुढे मी काय टिकणार? माझी तर मशीनपण भाड्याची. रविवारी तरी दिसेल." मग हळूच, "दादा, हो सोडून बाकीचं सांगू नका त्यांना."

मी सगळं सांगितलं. तोच नियम आहे.

"कसले पैसे?" न्यायाधीश म्हणाले.

कोर्टात दुभाष्याचा 'मी' दुसऱ्याचा असतो. स्वतःबद्दल बोलायचं तर 'दुभाषा' म्हणावं लागतं. म्हणून मी म्हणालो, "साहेब, दुभाष्याची चूक झाली आहे." जणू तो बाहेर चहा पीत होता. "त्याने आकडा सांगितला. मेसेजमध्ये आकडा नाही."

"मग काय आहे?"

"खूप. एवढंच."

साहेबांनी चूक नोंदवायला लावली, माझं नाव वर कळवायला सांगितलं आणि म्हणाले, बाईंना सांगा.

मी तिच्याकडे वळलो. "तो आकडा ते बोललेच नव्हते. मी घातला."

"मग किती आहेत त्यांच्याकडे?"

मी विचारलं. नवरा बूट बघत होता. त्याच्या वकिलाने त्याच्या दंडावर हात ठेवला. कुणी काही बोललं नाही, त्यामुळे मला भाषांतर करायला काही उरलं नाही.

"आणि तुमचं आत्ताचं तरी खरं कशावरून?" बाई म्हणाली.

हेही मला इंग्रजीत सांगावं लागलं.

साहेबांनी मूळ प्रश्न पुन्हा विचारला. "भीतीने केली सही," ती म्हणाली. "अजूनही भीती वाटतेय. पण कागद नको. आणि मला दुसरा दुभाषा द्या."

मी शब्दही न गाळता सांगितलं. टंकलेखकाने ते टंकलं. साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. तोवर मुलगी एक आठवडा आईकडे, एक बापाकडे. त्या दिवशी दुसरा दुभाषा नव्हता, म्हणून हे तिला मीच सांगितलं.

"बरोबर सांगितलंत का, विचारा त्यांना," ती म्हणाली.

मी विचारलं. उत्तरासाठी ती माझ्याकडे बघतच नव्हती. साहेबांनी कागदातून वर न बघता मान हलवली, तेव्हा ती उठली.