दाजींचा ज्वालामुखी

माधवराव गुरुजींनी लातूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर लाल-पिवळ्या खडूनं ज्वालामुखी काढला, पण खरा ज्वालामुखी काही त्यांनी पाहिला नव्हता. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. भौतिकशास्त्राच्या सरांचे चौकाचौकात फलक लागले, जीवशास्त्रवाल्यांनी बंगले बांधले. भूगोलाला मात्र कुत्रं विचारेना. गुरुजींनी वरच्या खोल्या नीटची तयारी करणाऱ्या मुलींना भाड्यानं दिल्या आणि मुली जिन्यात सापडल्या की त्यांना लाव्ह्याचे प्रकार सांगायला सुरुवात केली. "परीक्षेला आहे का हे, काका?" एवढंच त्या विचारायच्या, आणि नाही म्हटलं की पसार व्हायच्या.

अशा माणसाला अडुसष्टाव्या वर्षी लेकीनं, मृण्मयीनं, बालीची तिकिटं काढून दिली. आई-बाबांची दोन आणि मावशीचं एक. मावशी म्हणजे गुरुजींच्या बायकोची, प्रेमलाबाईंची, धाकटी बहीण सिंधू. तिचं तिकीट गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

त्याला कारण होतं. सिंधू दिलेली किल्लारीजवळच्या एका खेड्यात. ब्याण्णव सालापासून तिकडं जमीन गुरगुरत होती, लोक घर सोडून अंगणात झोपत होते. माहेरी आलेल्या सिंधूनं एकदा विचारलं, "दाजी, बाहेर झोपावं का आत?" गुरुजींनी चष्मा वर सरकवला आणि पुस्तकातलं सांगितलं, "दख्खनचं पठार स्थिर आहे. खुशाल आत झोपा." पुढच्या वर्षी गणपती बोळवल्यावर त्याच रात्री, पहाटे भूकंप झाला आणि तिच्या घराचं माळवद खाली आलं. दगडामातीतून सिंधूला काढलं, ती वाचली, पण उजवा पाय गुडघ्यातून परत कधी सरळ झाला नाही.

त्यानंतर सिंधूनं दाजींची सगळ्यावरून थट्टा केली. टकलावरून केली, घोरण्यावरून केली, प्रवासात डोक्याला रुमाल बांधण्यावरून केली. त्या एका वाक्याबद्दल मात्र तिनं तीस वर्षांत अवाक्षर काढलं नाही. गुरुजींना तेच सोसत नव्हतं. माफी मागायची म्हणून ते कितीदा तिच्यासमोर जाऊन बसले, आणि दरवेळी घसा खाकरून "चहा मिळेल का जरा?" म्हणून परतले. ह्या खेपेला बोलायचंच, असं त्यांनी विमानात ठरवलं.

बेटावर सिंधू पहिल्याच दिवशी रुळली. तिथं उंबऱ्याउंबऱ्यापुढं नारळाच्या पानाची इवलीशी परडी, त्यात फुलं, चिमूटभर भात आणि उदबत्ती. सिंधू लंगडत लंगडत प्रत्येक परडीला हात जोडायची, त्यामुळं दहा मिनिटांच्या वाटेला तास लागायचा. परड्या विणणाऱ्या बाईशी ती घटकाभर आपल्या मराठीत बोलली, ती बाई तिच्या भाषेत बोलली, आणि दोघी समाधानानं उठल्या. वाटाड्या केतुत याला तिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खायला घातली. गुरुजी त्याच केतुतला वहीत बघून त्याच्याच बेटाचा भूगोल समजावत होते. केतुतचं घर ज्वालामुखीच्या पायथ्याशी होतं, तरी तो मान डोलावत होता. गरीब स्वभावाचा माणूस.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बातुर डोंगराखाली पोचले. समोर तळं, आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर थिजलेल्या लाव्ह्याचं काळं रान. गुरुजींना गहिवरून आलं. "बघ प्रेमला, हा बेसाल्ट! आपल्याकडचा काळा दगड असाच झालाय."

सिंधूनं एक खडा उचलून वरखाली केला. "म्हणजे आपलाच दगड बघायला समिंदर वलांडून आलो का, दाजी?"

वर चढायला दोन तास लागणार होते. सिंधू पायवाटेच्या तोंडाशी एका दगडावर बसली. "जावा तुमी. मी हाय हितंच."

गुरुजी वीस पावलं गेले आणि मागं फिरले. "प्रेमला, तू जा केतुतबरोबर. फोटो काढ मला दाखवायला." प्रेमलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, आणि वाटेला लागल्या. काय चाललंय ते त्या बाईला तीस वर्षं ठाऊक होतं.

"आयुष्यभर खडूनं काढला, अन् आता पायथ्याला बसून राहिले?" सिंधू म्हणाली. "दम लागला म्हणा की."

"सिंधू, मला बोलायचंय."

"चहा न्हाई मिळत हितं."

गुरुजींनी डोक्याचा रुमाल सोडला. "मी सांगितलं म्हणून तू आत झोपलीस. तुझा पाय माझ्यामुळं गेला. मला माफ कर."

सिंधू जी हसायला लागली, ती पदर तोंडाला लावला तरी थांबेना. "तुमी सांगितलं म्हणून? आवो दाजी, घरात तुमचं कवा कुणी ऐकलंय का? अंगणातच निजले होते मी. डासानं फोडून खाल्लं, म्हणून उठून आत गेले. ते तुमचं पठार माझ्या ध्यानात बी नव्हतं!"

गुरुजींना आधी चक्क राग आला. तीस वर्षं माणूस झुरला, आणि ह्या बाईनं त्याचं ऐकलंच नव्हतं! मग डोळे भरून आले, आणि ते त्यांनी रुमालानं खुशाल पुसले.

"मग त्याबद्दल कधी बोलली का नाहीस?"

सिंधूचं हसू ओसरलं. तिनं हातातला खडा खाली ठेवला. "त्या रातीचं मी कुणाशीच बोलत न्हाई, दाजी. आमच्या ह्यांच्याशी बी न्हाई. कुणी इचारलंच न्हाई. जो तो म्हणायचा, वाचलीस न्हवं, झालं मग."

गुरुजीही तेच म्हणाले होते. दवाखान्यात, पहिल्याच दिवशी, संत्री घेऊन गेले तेव्हा. आणि पुढची तीस वर्षं ते स्वतःच्या एका वाक्यापाशी अडून बसले होते.

"सांग," ते म्हणाले.

"लई हाय."

"असू दे. दोन तास आहेत."

सिंधूनं दोन्ही हातांनी पाय उचलून दगडावर नीट ठेवला. "आधी कुत्री भुंकायची थांबली," ती म्हणाली. कुत्र्यांचं असं का होतं ते गुरुजींना माहीत होतं. ते बोलले नाहीत.