पलंगावरच्या घड्या

आईला जाऊन सव्वा महिना झाला, त्या दिवशी मी घरातलं दिसेल ते कापड धुवायला काढलं. चादरी, पडदे, पायपुसणी. मशीन पाच वेळा लावलं. त्यात आईचे कपडेही गेले, आणि ते दोरीवर घालताना लक्षात आलं की आता त्यांना तिचा वास राहणार नाही. मग मी इस्त्री घेऊन बसले. हाताला काम हवं होतं.

वकीलबाईचे कपडेही त्यातच होते.

वकीलबाई अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या बाई तिला घेऊन आल्या, तेव्हा आईने विचारलं, "दूध पितेस ना?" त्यावर ती म्हणाली, "सक्ती आहे का?" नाव तिथेच पडलं. आईकडे अशी मुलं पंचवीस वर्षं येत होती. ज्यांचे आईबाप आजारी होते, तुरुंगात होते किंवा ज्यांना पोरं झेपत नव्हती, अशी. कुणी आठवडाभर राहिलं, कुणी तीन वर्षं. ती सगळी आईला आजी म्हणत आणि मला मावशी.

आई गेल्यावर या मुलीचं काय, हा प्रश्न होताच. संस्थेच्या बाई तीनदा आल्या. स्वयंपाकघराचं दार लोटून आम्ही बोललो. मी तिला ठेवून घेते म्हणाले. त्यांनी खोल्या पाहिल्या, माझी नोकरी विचारली, आणि सोमवारी मंजुरीचं पत्र आलं. मी भावाला फोन केला, शेजारच्या काकूंना सांगितलं, ऑफिसात सांगितलं.

तिच्या कपड्यांच्या मी कडक घड्या केल्या, मोज्यांच्या जोड्या लावल्या आणि सगळा ढीग तिच्या पलंगावर नीट रचून ठेवला.

ती शाळेतून आली, खोलीत गेली. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. पायांत बूट, मांडीवर फुगलेली बॅग.

"कुठे निघालीस?"

"ते तुम्हीच सांगा. गाडी किती वाजता येतेय?"

पहिल्या आठवड्यानंतर तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"कुठली गाडी?"

"न्यायला येते ती." तिने बॅगेचा बंद नीट केला. "उशी माझी आहे की घराची? मी घेतलेली नाही."

मी खाली फरशीवर बसले. "तुला नेणार आहेत, असं कुणी सांगितलं?"

"सांगत कुणीच नाही. आधीच्या तिन्ही घरांत असंच झालं. सगळे कपडे धुऊन, घड्या घालून पलंगावर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी. आजीला माहीत होतं. ती सगळ्यांचे कपडे एका टोपलीत टाकायची, ज्याचं त्याने शोधा म्हणायची."

इतकी वर्षं मला तो आईचा आळस वाटत होता.

मी उठून पत्र आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचलं.

"हे सोमवारचं आहे. आज गुरुवार."

"हो."

"काकूंना माहितीये?"

"हो."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"तुला कळलंच असेल, असं मी धरून चालले. चुकलं माझं."

तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे तात्पुरतं लिहिलंय."

"सगळ्यांच्याच पत्रात लिहितात. तुझी आई बरी झाली की तू तिच्याकडे जाशील. तोवर इथे. तिला वेळ लागला तर जास्त. पण तुला न सांगता काही होणार नाही."

"आणि मला नाही राहायचं म्हटलं तर?"

हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. "तर आपण बाईंना तसं सांगू. मला वाईट वाटेल. पण सांगू. राहायचंय का तुला?"

तिने विचार केला, तोही सावकाश. मी पुन्हा फरशीवर बसले. मला घाई करण्याचा अधिकार नव्हता.

"पुढच्या वेळी बाई आल्या की मी पण आत बसणार," ती म्हणाली.

"बस."

"दार लोटायचं नाही."

"नाही लोटणार."

"मलाही चहा."

"अर्धा कप."

"पाऊण."

"बरं, पाऊण."

तिने वाकून एका बुटाची नाडी सोडली. "मग राहते," ती म्हणाली, आणि दुसरा बूट काढायला पाय माझ्यापुढे केला. "याची गाठ बसलीये, मावशी. तू बघ."