बाबाच्या झोपेचा कूलर

“धर वो नलू, पुढून धर. चाकं हायेत म्हणून ढकलू नको, उंबरठा हाये मधात.”

बाबा सायकलरिक्षातून कूलर उतरवत होता आणि आमची अख्खी लाइन दारात उभी होती. मी पुढून धरला आणि मुद्दामच हळू चालले. सेक्टरमधल्या साहेबांच्या बंगल्यांत असतील कूलर, आमच्या क्वार्टरांच्या ओळीत हा पहिलाच. बघू देत की सगळ्यांना, कुठं रोज येतो.

“काय वो गया, पेटी हाये का पाळणा?” शेजारची ठकूबाई भिंतीवरून म्हणाली. “चाकं लावून आणलं, आता सांजच्याले फिरवाले नेशीन का त्याले?”

“तुह्याच घरी आणीन फिरवत. घडीभर बस समोर, डोकं थंड होईल तुहं,” माय म्हणाली.

भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारातल्या हिरालाल टिनवाल्यानं बनवलेला हा पत्र्याचा डबा. तीन बाजूंना वाळा, आत मोठा पंखा, खाली पाणी साचायला टाकी आणि बुडाला चार चाकं. वाळ्यावर मगानं पाणी ओतायचं आणि बटण दाबायचं, की असा घरघराट सुरू होतो की शेजारी भांडण झालं तरी ऐकू येत नाही. ठकूबाईच्या घरचं भांडण ऐकू येत नाही म्हणजे आवाज किती असेल, विचार करा.

पहिल्या दिवशी आम्ही खिडकी, दार, वरचा झरोकासुद्धा लावून घेतला. थंडी आपली, ती बाहेर कशाला जाऊ द्यायची? परिणाम असा की मिठाच्या बरणीला पाणी सुटलं, पापड चामड्यासारखे झाले आणि माझ्या भूगोलाच्या वहीचा पुठ्ठा फुगून आला. तरी कुणी झरोका उघडला नाही, कारण अंधार हवा होता. कूलर आमच्या चैनीसाठी नव्हता. तो बाबाच्या झोपेसाठी होता.

बाबा रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतो. लाल झालेलं लोखंड साखळीला लटकवून या टोकाहून त्या टोकाला न्यायचं, आणि खाली माणसं. रात्रपाळी असली की झोपायचं दिवसा, आणि भिलाईच्या मे महिन्यात दिवसा झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं. महिनाभर त्याचे डोळे लाल होते. मग एका पहाटे वर क्रेनवरच त्याला डुलकी लागली. फोरमननं खाली बोलावलं. रागावला नाही, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “फकिरा, नींद घर में पूरी करके आओ भैया. नीचे आदमी हैं.” बाबानं हे घरी सांगितलं, ताट सरकवलं आणि आठ दिवसांत कूलर आणला.

आणि तो झोपला. खिडकीपाशी कूलर, त्याला लागून बाबाची खाट. दार दुसऱ्या टोकाला. मधल्या जमिनीवर धाकटी कांता, माय आणि मी. बाबा तोंड उघडं टाकून झोपायचा आणि माय त्याच्याकडं असं बघायची, जसं कांता पहिल्यांदा रांगली तेव्हा बघत होती.

फक्त पहिल्या दुपारी आडवं होताना तो म्हणाला होता, “खड्ड्यात असाच वास ये. ओल्या मातीचा.”

मायच्या हातातला मग थांबला. नंतर तिनं उरलेलं पाणी वाळ्यावर ओतलं.

खड्डा म्हणजे कोक ओव्हनच्या, कोळशाच्या भट्ट्यांच्या बाजूचा. कारखाना उभा राहत होता तेव्हा बाबा एका ठेकेदाराकडं खोदाईवर होता, आणि मायचा भाऊ, पुंडलिकमामा, त्याच्यासोबत. खड्डा इतका खोल गेला की खाली हवा पुरेना. वरून ब्लोअर लावून कापडी नळीतून हवा सोडायचे. ब्लोअरचा आवाज थांबला की फावडं टाकायचं आणि शिडी धरायची, एवढंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एका दिवशी आवाज थांबला. खाली हे दोघंच होते. बाबा वर आला. मामाला दोर लावून काढला, तोवर तो गेला होता.

मी तेव्हा तिसरीत होते. आजी तिरोड्याकडच्या गावाहून आली आणि सगळ्यांसमोर तिनं बाबाला विचारलं, “मोठा तू होता. लहान्याले पुढं कावून नाही घातलं?”

बाबा म्हणाला, “हात धरला होता मी त्याचा. ढिला पडला तो. सुटला.”

आजीनं ते मानलं नाही. मायनं मानलं. तेव्हापासून माय माहेरी गेली नाही. मला ती ही गोष्ट सांगते तेव्हा माझं मनगट घट्ट पकडून दाखवते, असा धरला होता म्हणून.

या उन्हाळ्यात अन्नपूर्णामावशीचं लग्न निघालं. आजीच्या गावचा भाऊराव दुर्ग स्टेशनवर पोर्टर आहे, तो आजीचा निरोप घेऊन आला. “बाई म्हणे, गया आन पोरी येऊ दे. साडी-चोळी करतो. पण त्याचं नाव काढू नको म्हणे.”

मी तर मनातल्या मनात बॅग भरली होती. पण माय म्हणाली, “सांग तिले, येऊ त जोडीनं येऊ. नाही त कोणीच नाही येत.”

“तू बी लय अडेल हायेस, गयाबाई.”

“तिचीच पोर हावो.”

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, भर दुपारी, फ्यूज उडाला.

मी जागीच होते. शाळा उघडली की वादविवाद स्पर्धा आहे, तर मी पडल्या पडल्या ओठांतल्या ओठांत भाषण म्हणत होते. पंख्याचा आवाज खाली खाली आला आणि थांबला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की वाळ्यावरून टाकीत पडणारं पाणी ऐकू आलं.

बाबा खाटेवर उठून बसला. डोळे उघडे होते, पण ते आमच्या खोलीतलं काही बघत नव्हते. मग तो धावला. एक पाय कांताच्या गोधडीवर पडला, दुसरा मायच्या मनगटावर, त्यावर सगळा भार देऊन त्यानं पुढचं पाऊल टाकलं. बांगड्या फुटल्याचा आवाज आला. दाराची कडी त्यानं उपटल्यासारखी काढली आणि अनवाणी उन्हात गेला.

मी मायच्या मागे दारात पोचले तेव्हा तो अंगणात दोरी बांधायच्या लोखंडी खांबाला लोंबकळत होता. उन्हानं तापलेला खांब, आम्ही त्याला बोट लावत नाही. बाबानं तो दोन्ही हातांनी धरला होता आणि पाय वर टाकत होता, एकावर एक, शिडीच्या पायऱ्या असल्यासारखे. त्यानं कुणाला हाक मारली नाही. मागं वळून पाहिलं नाही. नुसता वर जात होता, आणि जाता येत नव्हतं.

माय दारात उभी होती. मनगटावरून रक्त खाली कोपरापर्यंत आलं होतं. ती हललीसुद्धा नाही. आत कांता रडत होती.

“काय झालं वो?” ठकूबाई भिंतीवरून.

“फ्यूज गेला,” माय म्हणाली.

त्या आवाजानं बाबा खाली आला. तळहात बघत राहिला. मग आमच्याकडं बघितलं.

“लाइट गेली का?” त्यानं विचारलं. मग मायचा हात दिसला. “हे काय झालं?”

“बादली लागली.”

“बादलीनं इतक्या बांगड्या फुटते?”

“फुटते,” माय म्हणाली. “पाय पोळून राहिले तुमचे. आत या.”

तिनं त्याच्या तळहातांना तूप लावलं. शेजारच्या एका दादांनी फ्यूज बांधून दिला, कूलर घरघरायला लागला आणि बाबा रात्रपाळीआधी परत झोपला. झोपला म्हणजे खरंच झोपला.

रात्री तो पाळीवर गेल्यावर माय ओसरीत बसून सुईनं मनगटातली काच काढत होती. मी कंदील धरला होता. मला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही.

“माय, झोपेत होता तो. झोपेतल्याचं काय धरून बसतेस?”

तिनं काचेचा एक हिरवा तुकडा काढून फरशीवर ठेवला.

“झोपेत होते म्हणूनच त, नलू. कुठं धरला कोणाचा हात?”

शाळेत मी कुणाला शेवटचा शब्द देत नाही. त्या रात्री मी फक्त कंदील आणखी जवळ धरला.

दोन दिवसांनी भाऊराव परत आला, पळतच. बाबा घरी होता, दाढी करत होता.

“गयाबाई, जिंकलीस तू. बाई म्हणे, घिऊन ये त्यालेबी. लय वर्सं झाले म्हणे. जावई हाये, जावयासारखा पाटावर बसवतो म्हणे.”

बाबाचा वस्तरा गालावरच थांबला. मी आरशात त्याचं तोंड पाहिलं. अर्धं साबणाचं, अर्धं मोकळं, आणि मोकळ्या अर्ध्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. लहान पोराला जत्रेला चल म्हणावं, तसं काहीतरी.

“जाऊ नं, गया,” तो म्हणाला. “मी आजच सांगतो साहेबाले.”

“रजा नाही भेटणार तुमाले.”

“भेटते. का नाही भेटत?”

“नाही भेटत,” माय म्हणाली. पदरानं मनगट झाकलेलं होतं. “भाऊराव, सांग मायले, गया येत नाही. आता बोलावू नको म्हणा.”

“अवो, तुहाच हट्ट होता ना जोडीनं याचा. आता म्हातारी मानली त...”

“चहा घेशीन का अर्धा कप?”

भाऊरावनं चहा घेतला, बाबाकडं एकदा बघितलं आणि गेला. बाबानं दाढी पुरी केली. नंतर वस्तरा धुवायला त्याला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळीवरून आला, अंघोळ करून खोलीत शिरला, आणि थांबला. खाट दाराला लागून होती. कूलर खिडकीपाशीच होता. कांताची गोधडी, मायची चटई, माझी सतरंजी सगळं पलीकडच्या भिंतीला नेऊन लावलेलं होतं. दाराची कडी काढून ठेवली होती. वाऱ्यानं उघडू नये म्हणून खाली फक्त एक वीट, पायाच्या धक्क्यानं सरकेल अशी.

“खाट इकडे कावून?”

“इथं हवा चांगली लागते,” माय म्हणाली.

बाबानं कूलरकडं पाहिलं. त्याची हवा इतक्या लांब येतच नव्हती, उशीवरचं फडकं जागच्या जागी होतं. मग त्यानं दार पाहिलं, वीट पाहिली, आणि शेवटी मायचा हात.

तो खाटेच्या काठावर बसून राहिला. मी वाळ्यावर पाणी ओतलं, बटण दाबलं. घरघर सुरू झाल्यावर तो आडवा झाला, आमच्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून.