सगळं माझ्याकडे आहे

कारखान्यात त्यांना कुलूपकाका म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचं. चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली. चिठ्ठी आणि सही असल्याशिवाय त्यांच्या हातून साधा खिळा सुटला नाही, आणि चौतीस वर्षांत एक वायसर इकडचं तिकडे झालं नाही. असा माणूस निवृत्त झाला की काय करणार? घराचं स्टोअर करणार. कपाटाच्या किल्ल्या, पासबुकं, काकूंची औषधं, काकूंच्या चष्म्याचा नंबर लिहिलेला कागदसुद्धा काकांच्या ताब्यात. यात दुष्टावा नव्हता हो. माणूस मायाळू. पण दुसऱ्याच्या हातात दिलेली वस्तू म्हणजे हरवलेलीच वस्तू, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि दुसऱ्यात बायकोही आली.

तर हे कुलूपकाका साठी उलटल्यावर पहिल्यांदाच परदेशी निघाले, लेकीकडे. परक्या शहरात सुरक्षित कसं राहावं यावर मिळेल ते वाचून काढलं. कंबरेला बांधायचं पाच कप्प्यांचं पाऊच आणलं. दोघांचे पासपोर्ट, विम्याचे कागद, लेकीच्या पत्त्याची चिठ्ठी, काकूंच्या गोळ्या, झाडून सगळे पैसे त्यात. विमानातून उतरल्या उतरल्या काकूंचा फोनही त्यातच गेला.

"इथे हातातून फोन खेचून नेतात," काका म्हणाले. "लागला की माग."

"आणि आपली चुकामूक झाली तर?"

"चुकामूक कशी होईल? सगळं माझ्याकडे आहे."

आता याला उत्तर आहे का काही? काकूंनी दिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्या अशा ठिकाणी गप्प राहायला शिकल्या होत्या.

काकूंसाठी नियमही होते. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. कुणी हसलं तरी आपण हसायचं नाही. आणि कुठलंही बटण दाबायचं नाही. हा शेवटचा नियम दुसऱ्या दिवशी झाला, कारण लिफ्टमध्ये काकूंनी भलतंच बटण दाबलं, घंटा वाजली आणि अर्धी इमारत जिन्यात जमली. काका सगळ्यांची हात जोडून माफी मागत होते आणि काकू भिंतीला चिकटून उभ्या होत्या. "तू हात लावूच नकोस कशाला," काका वर आल्यावर म्हणाले. दिवसभर म्हणत राहिले.

चौथ्या दिवशी लेक आणि जावई कामावर गेले. "आम्ही दोघं बाजार बघून येतो," काकांनी जाहीर केलं. "आम्ही काही कुकुलं बाळ नाही."

"बाबा, आईचा फोन तेवढा आईजवळ द्या," लेक दारातून म्हणाली.

"हो, हो," काका म्हणाले. दिला नाही.

त्या शहरातल्या ट्रामचं दार आपणहून उघडत नाही. बाहेर हिरवं बटण असतं, ते दाबायचं. काकांनी दाबलं आणि चढले. नेहमीसारखे पुढे, मागे न बघता. काकू दोन पावलं मागे होत्या. त्यांच्या नाकासमोर दार मिटलं.

काकांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे काकू, आणि त्यांच्या हाताशी ते बटण, अजून हिरवं. "दाब! दाब ते!" काका आतून काचेवर थापा मारू लागले. आवाज बाहेर जात नव्हता. काकूंचा हात वर आला, बटणाजवळ थांबला आणि खाली गेला. ट्राम सुटली. आतल्या बाजूलाही तसंच एक बटण होतं, पण हे काकांना फार उशिरा समजलं.

पुढच्या थांब्यावर उतरून ते उलटे धावत सुटले. वाटेत रुळांना फाटा होता. त्यांनी चुकीचा धरला. सगळे थांबे एकसारखे; तोच बाक, तेच छप्पर. जिथे काकू असायला हव्या होत्या तिथे कोणी नव्हतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाईजवळ ना फोन, ना पत्ता, ना पैसा, ना तिथल्या भाषेचा एक शब्द. रक्तदाबाची गोळीसुद्धा काकांच्या कंबरेला. एक म्हातारा थांबून काहीतरी विचारू लागला, चेहऱ्यावरून काळजीनेच विचारत असावा. काकांनी दोन्ही हातांनी पाऊच धरलं आणि पाठ फिरवली. मग एका बाईने विचारलं. तिच्याकडेही पाठ.

खिशात स्वतःचा फोन होता. लेकीला लावायला एक मिनिट पुरलं असतं. काकांनी चाळीस मिनिटं लावला नाही. का? लाज वाटली म्हणून, दुसरं काही नाही. सकाळीच कुकुल्या बाळाची फुशारकी मारली होती ना. बायको परक्या शहरात एकटी उभी, आणि हा गृहस्थ लेक काय म्हणेल याचा विचार करत येरझाऱ्या घालतोय. नंतर त्यांना कशापेक्षाही या चाळीस मिनिटांची आठवण नको व्हायची.

शेवटी लावला.

"आईचा फोन?" लेकीने विचारलं.

"माझ्याकडे."

"पत्त्याची चिठ्ठी?"

"माझ्याकडे."

लेक म्हणाली, "मी पोलिसांना कळवते. आईने घातलंय काय? कोटाचा रंग सांगा."

काकांना काकूंचा पासपोर्ट नंबर तोंडपाठ होता. कोटाचा रंग आठवेना. सकाळी त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. "कोट... असाच, साधा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

अर्ध्या तासाने लेकीचा निरोप आला, आई सापडली. काकू थांब्यावरून एक पाऊलही हलल्या नव्हत्या. समोरच्या फुलवालीने आधी त्यांना खुर्ची आणून दिली, आणि कुणीच न्यायला येईना तशी पोलिसांना बोलावलं. काकांचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहायचा नव्हता.

पोलीस ठाण्यातली खोली लहान आणि स्वच्छ होती. काकूंना दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. टेबलापलीकडे एक तरुण पोलीसबाई, आणि टेबलावर फोन. फोनमधून चक्क मराठी बाईचा आवाज आला.

"नमस्कार. मी दुभाषी. या बाई विचारतील ते मी तुम्हाला सांगेन, तुम्ही बोलाल ते त्यांना. माझ्या पदरचं काही घालणार नाही."

काकांना हायसं वाटलं. आपलं माणूस भेटलं.

"त्या विचारतायत, तुमच्या पत्नीची कागदपत्रं कुठे आहेत?"

हा प्रश्न तर काकांच्या हक्काचा. त्यांनी पाऊचच्या चेनी एकेक करून उघडल्या आणि टेबलावर ओळ मांडली, स्टोअरच्या तपासणीला मांडायचे तशी. पासपोर्ट. विमा. गोळ्या. चिठ्ठी. फोन. एक गोष्ट गहाळ नव्हती. त्यांनी अभिमानाने वर पाहिलं. पोलीसबाई लिहीत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुकाचा मागमूस नव्हता.

"त्यांचा फोन बंद का आहे?"

"बॅटरी वाचावी म्हणून."

"हे सगळं त्यांना हवं असलं तर?"

"माझ्याकडे मागायचं. मी काढून देतो."

"त्यांनी मागितलं होतं?"

काका अडखळले. "ती... मागत नाही."

"तुमच्या देशातल्या घराची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"त्या ट्रामचं बटण दाबायला घाबरल्या, असं फुलवालीने सांगितलंय. का घाबरल्या?"

दुभाषीचा आवाज सगळे प्रश्न एकाच सुरात विचारत होता. पण काका आता कानकोंडे झाले. परक्या भाषेत हे विचारलं असतं तर निभावलं असतं. आपल्या भाषेत, शेजारणीने विचारावं तसं ऐकताना त्यांचे कान तापले. "मीच सांगितलं होतं, हात लावू नको म्हणून," ते खाली बघत म्हणाले.

मग पोलीसबाईने त्यांना बाहेर जाऊन बसायला सांगितलं. काकूंशी एकांतात बोलायचं होतं. तेवढ्यात लेक धापा टाकत आली आणि मी आत जाते, मी समजावून सांगते, म्हणू लागली. तिलाही थांबवलं. घरातलं कुणी नको, दुभाषी आहे.

दोघं बाकावर बसली.

"एवढं काय विचारतायत तिला?" काकांनी विचारलं.

लेकीने समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, "तिला तुमच्यापासून काही धोका आहे का, हे."

"माझ्यापासून?"

"ज्या बाईचे कागद, फोन, पैसे, सगळं दुसऱ्याकडे असतं, तिला इथे हे विचारतात बाबा."

"अगं पण मी काय तसला आहे? तू सांग ना त्यांना. तुला माहीत आहे."

लेकीने पर्सचा पट्टा सरळ केला. तो आधीच सरळ होता. काकांना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं होईल. सुरक्षिततेवरची एवढी पानं वाचली, खिसेकापू, भामटे, लुटारू, सगळ्यांची लक्षणं पाठ केली. त्या यादीत आपण बसू, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

दाराला काच होती. आत काकूंची पाठ दिसत होती. कोट करडा होता, लेकीचा जुना, खांद्यात सैल. पोलीसबाईने काही विचारलं. दुभाषीने ते सांगितलं असणार. काकू बोलेनात. काका बाकाच्या कडेवर आले. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो माणसाला? काकू टेबलाकडे बघत बसल्या होत्या, अजून बसल्या होत्या, आणि पोलीसबाई घाई न करता थांबली होती. मग कुठे त्यांची मान हलली. कशी हलली ते मागून समजलं नाही.

काकू बाहेर आल्या. पोलीसबाईने त्यांच्या वस्तू काकांना नाही, काकूंना दिल्या. एकेक वस्तू वाचून दाखवली आणि काकूंची सही घेतली. वर एक छोटं कार्ड दिलं, त्यावर एक नंबर होता. काकूंचे हात भरले.

"आण इकडे, पडेल," काका म्हणाले आणि हात पुढे केला.

सवयीने गेला हो तो हात. पण पोलीसबाईने त्या हाताकडे पाहिलं. लेकीने पाहिलं. काकूंनीही पाहिलं आणि वस्तू छातीशी धरल्या. काकांनी हात मागे घेतला. तो आता ठेवायचा कुठे, हे त्यांना सुचेना.

परतताना ट्राममध्ये मायलेकी शेजारी बसल्या, काका समोर. दोन थांबे गेले.

"काय विचारलं त्यांनी?" काका हळूच म्हणाले.

"याच माणसाबरोबर घरी जायचंय का, असं विचारलं."

"मग?"

"हो म्हटलं."

काकांनी मोठा श्वास घेतला. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण राहवलं नाही. "मग एवढा वेळ का लागला?"

"आजवर कुणी विचारलंच नव्हतं," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता; असता तर काकांना बरं वाटलं असतं. "म्हटलं, विचारतायत तर नीट विचार करून सांगावं."

काकांनी मान खाली घातली. काकूंनी फोन सुरू केला. त्याने चार आकडे मागितले. काकूंनी काकांकडे पाहिलं, कारण ते आकडे त्यांना ठाऊकच नव्हते. काकांनी सांगितले. त्यांचा कारखान्यातला बिल्ला नंबर होता तो. बायकोच्या फोनला. लेकीने डोळे मिटून घेतले.

"हा बदलता येतो का गं?" काकूंनी तिला विचारलं.

"येतो. हे बघ, इथून."

काकूंनी फोन जरासा वळवला, समोरून दिसू नये इतपत, आणि एकेक आकडा सावकाश दाबला. काका खिडकीबाहेर बघू लागले.

"लक्षात राहील ना?" त्यांच्या तोंडून निघून गेलंच.

"राहील," काकू म्हणाल्या.