स्टिकरखालचा पोर्ट

मी गाडीतला तपासणीचा पोर्ट. बोलतोय म्हणतो खरा, पण माझ्या जन्माची अटच अशी की कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वर राखाडी झाकण, आत भोकांच्या दोन ओळी, एवढाच मी. एंजिनाला काय दुखतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं, आणि कॉम्प्युटरचं तोंड म्हणजे मी. माझी ठरावीक दोन भोकं तारेने जोडली की समोरचा पिवळा दिवा लुकलुकून दुखण्याचा आकडा सांगतो.

हल्लीच्या गाड्यांत माझे भाऊबंद शहाण्यासारखे स्टिअरिंगखाली बसतात. आमच्या काळी बनवणाऱ्याच्या मनाला येईल तिथे आम्हाला बसवायचे. मी आलो डाव्या सीटसमोर, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी.

तोकुजीकाका जपानमधल्या एहिमेच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार. मासळी बाजारात न्यायला त्यांनी ही पांढरी व्हॅन घेतली आणि त्याच दिवशी देवळातून सुखरूप प्रवासाचं स्टिकर आणलं. ते लावायला त्यांना नेमकं माझंच झाकण सापडलं. पुढे दर नव्या वर्षी जुन्यावर नवं. बाकीचे लोक जुनं देवळात परत करतात. काका म्हणायचे, "देव काय सोलून काढायचा?" अठ्ठावीस वर्षं मी त्या थराखाली गप्प होतो. एंजिन धडधाकट होतं, त्यामुळे त्याचं मला फारसं वाटलंही नाही.

मग काकांची मूत्रपिंडं निकामी झाली. मुलगा मालवाहू बोटीवर, वर्षातून दोनदा येणार. म्हणून सून मिसाए त्यांना मंगळवार, गुरुवार, शनिवार घाट ओलांडून शहरातल्या रुग्णालयात नेते, रक्त शुद्ध करून घ्यायला. निघण्याआधी काका स्टिकरवर बोट टेकवून पुटपुटतात, "नीट पोचव रे बाबा." गेल्या शरदापासून ते मागणं मला पेलेनासं झालं. कारण एंजिन फिरतंय की नाही याची वर्दी देणारा सेन्सर घाटात तापला की गप्प व्हायचा. मला ते ठाऊक होतं. आणि हा माणूस दर खेपेला माझ्याच डोक्यावर बोट ठेवून मागणं मागायचा, पण विचारायचा काहीच नाही.

एकदा घाटातल्या बोगद्यातच एंजिन बंद पडलं. मागून लाकडांचा ट्रक येत होता. मिसाए चावी फिरवत राहिली. ट्रक हॉर्न वाजवत वीतभर अंतरावरून गेला, तेव्हा काका सीटला घट्ट धरून होते. एंजिन निवल्यावरच चालू झालं, आणि त्या दिवशी ते दोन तास उशिरा पोचले.

गावातला मेकॅनिक निनोमिया. त्याने स्टिअरिंगखाली डोकं घालून मला अर्धा तास शोधलं. "इतक्या जुन्या गाडीला ते नसतंच, वहिनी," असं ठोकून दिलं आणि बॅटरी बदलली. बॅटरी काढली की कॉम्प्युटर सगळं विसरतो. आता कोणी विचारलं असतं तरी माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. पुढच्याच गुरुवारी घाटात एंजिन पुन्हा अडखळलं, पिवळा दिवा क्षणभर लागला, आणि नोंद पुन्हा झाली.

वर्ष सरत आलं होतं. गाडी पुन्हा निनोमियाच्या गॅरेजात. मिसाए म्हणाली, "बाबा, एकावर एक चिकटवून देव गुदमरलाय. या वर्षी तरी जुनी परत करा." काका कुरकुरत नखाने खरवडू लागले. थर निघाला, आणि त्याच्यासकट माझं झाकणही.

"तुटलं वाटतं काहीतरी," काका ओशाळले.

निनोमियाने टॉर्च मारला आणि खाली बसलाच. "काका, मी याला सगळीकडे शोधला. तुम्ही त्याच्या तोंडावर देव बसवून ठेवलाय होय!"

त्याने कागदांना लावायची तारेची क्लिप सरळ करून माझ्यात खोचली. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलू लागलो. निनोमिया मोजायला लागला, पण मधूनच.

"तीन… एक. एकतीस. हवा मोजणारा सेन्सर. मागवतो उद्या."

मी तेरा सांगत होतो, म्हणजे एंजिन फिरण्याची वर्दी देणारा सेन्सर. भलताच सेन्सर बसणार, ही दोघं निर्धास्त होऊन बोगद्यात शिरणार. मी लुकलुकत राहिलो, दुसरं काय करणार?

"थांब रे," काका म्हणाले. "शेपटीकडून मोजतोयस तू."

"काका, हे दीपगृह नाही."

"दिवा तो दिवा. समुद्रावर कुठलं दीपगृह ते कसं ओळखतात? उजेडाच्या आधी अंधार मोजायचा. सगळ्यांत लांब अंधार कुठे पडतो बघ. त्याच्यानंतर सुरुवात."

तिघंही दिव्याकडे वाकले. लांब अंधार. एक. थोडा अंधार. तीन.

"तेरा," मिसाए हळूच म्हणाली.

शुक्रवारी योग्य सेन्सर बसला. नवं स्टिकर काकांनी माझ्या शेजारी लावलं, पण आज शनिवारी निघताना बोट मात्र माझ्याच झाकणावर टेकवलं. घाट झाला, बोगदा झाला, एंजिन एकदाही अडखळलं नाही. उपचार आटोपून परत निघाल्यावर संत्र्यांच्या मळ्यापाशी मिसाएने गाडी कडेला घेतली आणि स्वतःच बंद केली.

"बाबा, एरवी तुमची बडबड थांबत नाही. बोगद्यापासून एक शब्द नाही."

"ठीक आहे मी."

"मी अंधार मोजत होते, बाबा. काय होतंय ते खरं सांगा."

काकांनी नव्या स्टिकरची कड अंगठ्याने दाबून बसवली. त्यांचा गुडघा मला टेकला होता, त्यातून भरधाव ठोके मला लागत होते. मला ते महिनाभर माहीत होतं. "सुई काढली की छातीत धडधडतं," ते म्हणाले. "तुझ्या डोक्याला घाटाचाच घोर कमी होता का?"

तिने गाडी माघारी वळवली.

आता मी रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये आहे. ती दोघं आत गेल्याला तास झाला. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, एंजिन ठणठणीत आहे. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, जुनं माणूस असेल, तर आपणहून विचारत जा. आम्ही आपणहून सांगत नाही. दिवे लागायची वेळ झाली. दार उघडेपर्यंत मी अंधार मोजतोय.