ठेकाबाईंचा कॉम्प्युटर

ठेकाबाईंना कोणी म्हातारी म्हटलं तर त्यांना राग येत नसे. सत्तरी उलटली म्हणजे माणूस म्हातारं असणारच, त्यात लपवण्यासारखं काय? पण कोणी त्यांना हळू म्हटलं, की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

अडतीस वर्षं त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये पियानो वाजवला. तीनशे मुलं गायची आणि बाई उजव्या टाचेने फळीवर ठेका धरायच्या. त्यावरून कुठल्याशा टारगट वर्गाने त्यांना ठेकाबाई म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता शाळेच्या शिपायापासून चौकातल्या वाण्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. पियानोही त्यांच्यासारखाच हट्टी होता. हवा दमट झाली की मधली एक पट्टी खाली जायची ती वर यायचं नाव घेत नसे. मग बाई ती पट्टी वगळून वाजवायच्या, आणि पहिल्या रांगेतल्या मुलांनासुद्धा कधी पत्ता लागला नाही.

आता तो पियानो मुका झाला होता आणि शाळेला संगीताची बाई उरली नव्हती. सुट्टी लागता लागता नव्या मुख्याध्यापिका स्वतः घरी आल्या. शाळेची बारा गाणी, बाराच्या बारा चाली ठेकाबाईंच्या. कागदावर एकही नाही, सगळ्या बोटांत. "बाई, तुम्ही नुसती साथ रेकॉर्ड करून द्या. आम्ही ती स्पीकरवर लावू, मुलं तिच्यावर गातील. शाळा उघडायच्या आत मिळालं तर फार बरं."

बाईंनी हो म्हटलं. वाजवायचा कीबोर्ड लेकीने वाढदिवसाला पाठवला होता. त्याला स्वतःचा आवाज नव्हता. पट्टी दाबली की तो तारेतून कॉम्प्युटरला कळवायचा आणि मग कॉम्प्युटर पियानोचा आवाज काढायचा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जावयाने मागच्या भेटीत टाकून दिलं होतं. सुरुवातीला आवाजात करकर येत होती. त्याने कसलीशी खटपट करून ती थांबवली आणि जाताना बजावलं, "आता यातलं काही हलवू नका, आई."

पहिलं गाणं बाईंनी कवायतीचं निवडलं. हॉलच्या दारापासून मैदानाच्या फाटकापर्यंत मुलं पावलं टाकत जायची, ते. चार वेळा वाजवून, त्यातल्या त्यात बरं झालेलं पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी फोनवर मुख्याध्यापिकांचा मेसेज आला.

"बाई, फार गोड झालंय. पण जरा संथ वाटतं, मुलांची पावलं अडखळतील. या वयात तुम्हाला त्रास द्यायला नको होता. आम्ही तयार चाली मिळतात का बघतो."

बाईंनी ते तीनदा वाचलं. 'गोड' हा शब्द त्यांना कधीच आवडला नव्हता.

"ऐकू तरी," भाऊजी म्हणाले. हे त्यांचे धाकटे दीर, वरच्या मजल्यावर एकटे राहत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे कोणतीही गोष्ट आधी मोजायची आणि मग तिच्यावर बोलायचं, अशी सवय. त्यांनी गाणं ऐकलं आणि मनगटाकडे पाहिलं. "दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. पूर्वी किती लागायची?"

"दोन मिनिटं दहा. तेवढ्यात शेवटचं मूल फाटकाबाहेर पडायचं."

"मग एकतीस सेकंद गेले कुठे, वहिनी?"

"कॉम्प्युटरने खाल्ले," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण खाणार?"

त्या तसं म्हणाल्या खऱ्या, पण रात्रभर उशीवर त्यांची बोटं वळवळत राहिली. गाणं हातून गेलं तर जाऊ दे, दुसरं कोणी काही करील. पण हात खरंच मंदावले असतील, तर ते असं परक्या बाईने, गोड म्हणून, फोनवर कळवावं?

सकाळी लेकीचा फोन आला. "आई, नवाच घे ना सरळ. तो कॉम्प्युटर माझ्या लग्नाच्या आधीचा आहे."

"तुझं लग्न टिकलंय ना? मग तोही टिकेल."

कॉम्प्युटर जुना होता हे खोटं नव्हतं. बटण दाबून बाई कपडे भिजवायला जात, धुऊन वाळत घालून परत येत, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असे. कॉम्प्युटरच्या पुढच्या खणातून सरकवून निघणारी जुनी डिस्क बाईंनी भाऊजींकडून काढून घेतली, दुकानात दाखवायला पिशवीत टाकली आणि चौकातल्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या.

काउंटरमागचा टक्कल पडलेला माणूस उठून उभा राहिला. "बाई! ओळखलंत का मला?"

बाईंनी चष्मा वर केला. "तिसरी रांग, खिडकीकडून दुसरा. सारखा खालचा सूर लावायचास."

"तुम्ही मला सांगितलं होतंत, तू नुसतं तोंड हलव."

बाईंनी चष्मा खाली घेतला. असं किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. "मग? हलवलंस का?"

"आजतागायत हलतंय. बायको म्हणते, जरा बंद ठेवा."

दोघंही हसले. दुकानदाराने सगळं नीट ऐकून घेतलं. आहे तोच कॉम्प्युटर अजून पाच वर्षं जाईल, म्हणाला. रॅमच्या दोन पट्ट्या वाढवायच्या, खरखरणाऱ्या जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची, आणि आवाजाचं काम स्वतंत्र सांभाळायला तळहाताएवढी एक डबी बाहेरून जोडायची. जुन्या डिस्कवरचं सगळं तो दुकानातच नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवून देणार होता.

"माझा एखादा माणूस पाठवू का घरी?"

"माझ्याकडे घड्याळजी आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून भाऊजींनी कॉम्प्युटरचा डबा आडवा केला. डोळ्याला भिंग लावलं. झाकण उघडल्यावर आत धुळीची अशी गादी निघाली की भाऊजी मागे सरले.

"वहिनी, यात कोणी झोपत होतं का?"

"तुम्ही बोलू नका, फुंकर मारू नका. ब्रश घ्या."

जुना दाढीचा ब्रश कामी आला. भाऊजींचे स्क्रू ड्रायव्हर या कामाला फार बारीक पडत होते, तरी ते दुसरे वापरायला तयार होईनात. शेवटी बाईंनी शिलाई मशीनच्या खणातला आणून दिला, तेव्हा पहिला स्क्रू हलला. एसएसडी बसली. रॅमच्या पट्ट्या खाचेत गेल्या. तारा जोडल्या, बटण दाबलं, आणि डब्याने पी, पी, पी असे तीन सूर काढले. पडदा काळाच.

"गेला!" भाऊजी म्हणाले.

"कुठे जातोय! तुमची दुसरी पट्टी बसलीच नाही. पहिली बसली तेव्हा टक् आवाज झाला होता. दुसरीचा झाला नाही."

"तेव्हा का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. तुम्ही भिंग लावलंय."

भाऊजींनी बंद करून पट्टी काढली, पुन्हा ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक्. या वेळी बटण दाबल्यावर बाई सवयीने बादलीकडे वळल्या, आणि पाणी भरायच्या आत कॉम्प्युटर तयार होऊन बसला होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. घरात एखादं मूल अचानक मोठं झाल्यासारखं वाटलं बाईंना.

बाईंनी हेडफोन चढवले, कवायतीचं गाणं धरलं, शेवटच्या सुरापर्यंत वाजवलं आणि भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजी घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी पट्टा उगाच घट्ट केला.

"सांगा की."

"दोन चाळीस."

कॉम्प्युटर तर आता पळत होता. मग उरलं कोण? बाईंनी हात उलटे करून पाहिले. सांधे थोडे सुजलेले होते, हे त्यांना ठाऊक होतं. पण सुजलेले हात दुखतात. ते खोटं बोलत नाहीत.

"वहिनी," भाऊजी जपून म्हणाले, "मलाही आता बायकांच्या घड्याळाचा स्क्रू पहिल्या झटक्यात लागत नाही. वय आहे. मनाला लावून घेऊ नका."

नाकाचा शेंडा लाल झाला. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि रागारागाने तेच गाणं पुन्हा वाजवायला घेतलं. आवाज कसला येणार? नुसती प्लास्टिकच्या पट्ट्यांची खटखट, आणि फरशीवर टाच. गाणं त्यांच्या डोक्यात चालू होतं. संपलं तशा त्या उठायला लागल्या.

"थांबा," भाऊजी म्हणाले. सवयीने त्यांची नजर घड्याळावरच होती. "दोन मिनिटं दहा."

"काय?"

"दहा. पुन्हा वाजवा बरं."

पुन्हा खटखट. "दोन नऊ. आता ते कानाला लावून."

हेडफोन लावले. "दोन चाळीस."

या वेळी मात्र बाईंनी डोळे मिटले होते आणि बोटांवर लक्ष ठेवलं होतं. बोट खाली जायचं. मग एक पापणी लवेल इतका वेळ काहीच नाही. मग सूर. आणि तो सूर येईपर्यंत त्यांचं पुढचं बोट पट्टीवर अदबीने थांबून राहायचं. ही थांबण्याची रीत त्यांच्या अंगात इतकी मुरलेली होती, की त्यांना स्वतःला ती इतके दिवस दिसली नव्हती. तीनशे मुलांच्या हॉलमध्ये मागची रांग नेहमी उशिरा पोचते. बाईंनी अडतीस वर्षं त्या मागच्या रांगेसाठी हात रोखून धरला होता. रागावून नाही, कोणाला कळूही न देता. साथ करणाऱ्याचं कामच ते. आणि आता या डब्यातून येणारा उशिराचा सूर ऐकला, की हात आपोआप तेच करत होते. बाई थांबल्या की सूर आणखी मागे, तो मागे पडला की बाई आणखी थांबणार.

"मी थांबतेय, भाऊजी!"

"कोणासाठी?"

"या डब्यासाठी!"

त्यांनी लगेच दुकानात फोन लावला. "अरे, माझं बोट आणि आवाज यांच्या मध्ये एक मागची रांग बसलीय. ती उठव."

दुसऱ्याला हे कळलं नसतं. याला कळलं. "बाई, सेटिंगमध्ये जा. आवाज कुठून जातो, त्या यादीत नव्या डबीचं नाव निवडलंय का?"

"नाही. जुनंच दिसतंय."

"आणि खाली बफर किती लिहिलाय?"

"दोन हजार अठ्ठेचाळीस."

पलीकडून लांब शीळ ऐकू आली. मग त्याने समजावलं. कॉम्प्युटर आवाज बादलीत भरतो आणि बादली भरली की तुमच्या कानात ओततो. बादली मोठी, तर वाट बघणं मोठं. जुन्या कॉम्प्युटरला लहान बादली झेपत नव्हती, हिंदकळायची, तीच ती करकर. म्हणून कोणीतरी ही भलीमोठी बादली लावून ठेवली. आता झेपेल, पण डिस्क जशीच्या तशी उतरवली ना, बादलीही तीच आली. "मलाच सुचायला हवं होतं. पण इतकी मोठी लावली कोणी?"

"जावयाने."

"अरे बापरे."

भाऊजींनी फोनवर हात ठेवला. "वहिनी, त्यांना आधी विचारायला हवं का? ते बजावून गेलेत, काही हलवू नका म्हणून."

"जावई लेकीचा आहे. कॉम्प्युटर माझा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नव्या डबीचं नाव निवडलं, हेडफोनची पिन तिच्यात खोचली. बफर आधी चौसष्टवर आणला. पट्टी दाबली तर आवाजात बारीक करकर. एकशे अठ्ठावीस केला. पुन्हा पट्टी दाबली.

सूर थेट बोटाखाली होता. मध्ये कोणी नाही. बाईंनी एकदा चढत जाऊन उतरत येत सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवला, आणि भाऊजी सांगतात की त्या वेळी त्यांची टाच आधी हलली, बोटं नंतर.

मग त्यांनी कवायतीचं गाणं रेकॉर्ड केलं आणि भाऊजींना ऐकवलं. "दोन मिनिटं दहा," भाऊजींनी जाहीर केलं. "पण वहिनी, मध्ये एक खालचा सूर..."

"चुकला. डावी करंगळी. तेवढं वय आहे माझं." त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा वाजवलं. तिसऱ्या खेपेला करंगळीही वठणीवर आली.

गाणं पाठवताना त्यांनी खाली लिहिलं, "हीच खरी लय. बाकीची अकरा रविवारपर्यंत मिळतील. तयार चाली शोधू नयेत." तासाभराने मुख्याध्यापिकांचं उत्तर आलं. त्या गाणं फोनवर लावून हॉलच्या दारापासून स्वतः चालत गेल्या होत्या. शेवटच्या सुराला फाटकात पोचले, म्हणाल्या. आणखी दोन ओळी माफीच्या होत्या. त्या बाईंनी भाऊजींना मोठ्याने वाचायला लावल्या.

मग बाई दुसऱ्या गाण्याकडे वळल्या. हे लहान मुलांचं, सुट्टीच्या आधी म्हणायचं. त्यात तिसरी ओळ लांब आहे. सहा वर्षांच्या मुलाचा श्वास तिला पुरत नाही. ओळीच्या शेवटी निम्मा हॉल गप्प होऊन हवा भरत असतो. भाऊजींनी दुसरे हेडफोन लावून ऐकायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीनंतर त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी, पुन्हा उशीर झाला बघा. इथे. एक अख्खा ठोका."

"झाला ना? किती सेकंद?"

"पाऊण तरी असेल. लावायचा का फोन त्याला?"

"नको," बाई म्हणाल्या. "मघाशी मला कोणीतरी थांबवत होतं. इथे मी थांबलेय." आणि त्या चौथ्या ओळीला लागल्या.